ज्येष्ठांसोबत काम सुरू करताना : नव्या समाजकार्यकर्त्यांसाठी मार्गदर्शन

पहिल्या गृहभेटीला जाताना हातात अर्जाचा नमुना नेऊ नये, असे मी आमच्याकडे नव्याने रुजू होणाऱ्या प्रत्येक सहकाऱ्याला सांगते. अर्ज दिसला की घरातील म्हातारे माणूस 'साहेब आले, काहीतरी मिळणार' अशा समजुतीने बोलू लागते, आणि मग आपली खरी अडचण बाजूला ठेवून योजनेत बसेल तेवढेच सांगते. ज्या आजींना श्रावणबाळ योजनेच्या पैशांपेक्षा मोतीबिंदूचे ऑपरेशन आधी हवे असते, त्या डोळ्यांचे नावही काढत नाहीत. समाजकार्यकर्त्याचे काम योजना वाटण्याचे नसून, त्या व्यक्तीला काय हवे आहे हे तिच्याच तोंडून ऐकून मग तिला योजना, कायदा, दवाखाना आणि नातेवाईक यांच्यापर्यंत पोहोचवण्याचे आहे. पुढे जे सांगितले आहे ते सगळे या एका गोष्टीला धरून आहे.

हा लेख समाजकार्याचे शिक्षण नुकतेच संपवून स्वयंसेवी संस्थेत, रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात किंवा विरंगुळा केंद्रात कामाला लागलेल्यांसाठी आहे. २०११ च्या जनगणनेनुसार देशात साठ वर्षांवरील माणसे सुमारे १०.४ कोटी होती आणि महाराष्ट्राच्या लोकसंख्येत त्यांचे प्रमाण दहा टक्क्यांच्या जवळपास होते. ज्या गावांतील तरुण मंडळी पुण्या-मुंबईला गेली आहेत, तिथे हे प्रमाण आकडेवारी न पाहताही समजते : संध्याकाळी गल्लीतून चालत गेले तर ओट्यावर बसलेली माणसे सगळी एकाच वयाची दिसतात.

जाण्याआधी

गावात थेट घरी जाऊ नये. आधी आशाताईंना भेटावे, कारण कोणाच्या घरी कोण आजारी आहे आणि कोणाची चूल दोन दिवस पेटलेली नाही, हे त्यांना सर्वांच्या आधी कळते. रेशन दुकानदार, पोस्टमन आणि ज्येष्ठ नागरिक संघाचे पदाधिकारी यांच्याकडूनही बरेच समजते. शहरात हेच काम सोसायटीचा वॉचमन, धुणीभांडी करणाऱ्या मावशी आणि कोपऱ्यावरचा औषध दुकानदार करतात. त्यांच्याकडून मिळालेली माहिती ऐकावी, पण ती नोंदवहीत सत्य म्हणून उतरवू नये. 'सून जेवायला देत नाही' असे तीन घरांनी सांगितले तरी ते तीन घरांचे मत आहे, एवढेच लिहावे.

पहिली भेट

वेळ विचारून जावे. दुपारी जेवणानंतरची झोप आणि संध्याकाळची दिवेलागण या दोन वेळा टाळाव्यात. घरात गेल्यावर उभ्याने बोलू नये. ती व्यक्ती खाटेवर असेल तर आपण तिच्या डोळ्यांच्या पातळीवर येईल असे बसावे आणि प्रकाश आपल्या चेहऱ्यावर पडेल अशी जागा घ्यावी, कारण कमी ऐकू येणारी माणसे बरेचसे ओठांवरून समजून घेत असतात. मोठ्याने बोलण्यापेक्षा सावकाश आणि स्पष्ट बोलणे उपयोगी पडते.

हाक कशी मारावी, हा प्रश्न वाटतो त्यापेक्षा महत्त्वाचा आहे. खेड्यात आजी, आजोबा, अण्णा, तात्या, मावशी हे शब्द सहज चालतात. परंतु सरकारी नोकरीतून निवृत्त झालेल्या गृहस्थांना अनोळखी मुलीने 'आजोबा' म्हटलेले रुचेलच असे नाही. 'तुम्हाला काय म्हणू?' असे विचारले तर कोणालाही वाईट वाटत नाही, आणि आपण आपल्या मर्जीने वागणार नाही, याची ती पहिली खूण ठरते. 'अरे-तुरे' तर कोणत्याही परिस्थितीत नको, अगदी विस्मृतीमुळे ती व्यक्ती लहान मुलासारखी वागत असली तरीही.

आपण कोण, कोणत्या संस्थेचे, कशासाठी आलो आणि ऐकलेले कोणाकोणाला सांगावे लागू शकते, हे आरंभीच सांगावे. त्यानंतर एकच मोकळा प्रश्न विचारावा : 'सकाळी उठल्यापासून रात्री निजेपर्यंत तुमचा दिवस कसा जातो?' या एका प्रश्नात चालणे, जेवण, औषधे, शौचाला जाणे, एकटेपणा आणि घरातील संबंध असे सगळे येते, तेही तपासणी चालली आहे असे न वाटता. उत्तर लांबले तर लांबू द्यावे. एका आजींनी मला पाऊण तास फक्त त्यांच्या गेलेल्या म्हशीबद्दल सांगितले. दूध घालायला जाणे बंद झाल्यापासून त्यांच्याशी दिवसभरात कोणीच बोलत नव्हते, हे त्या म्हशीच्या गोष्टीतूनच कळले.

काय पाहावे

बोलणे चालू असताना डोळे घरभर फिरू द्यावेत. मोरी ओली आहे का, उंबरठा उंच आहे का, खाटेपासून संडासापर्यंत रात्री दिवा असतो का, आणि पायाखाली सरकणारी चटई आहे का, या चार गोष्टींवर पडण्याचा धोका अवलंबून असतो. म्हातारपणी खुब्याचे हाड मोडले की माणूस अंथरुणाला खिळतो, आणि शंभर-दोनशे रुपयांचा रात्रीचा दिवा किंवा भिंतीला ठोकलेली लोखंडी दांडी ते टाळू शकते. म्हणून पहिल्या भेटीनंतर आठवड्याभरात करता येईल असे काही असेल, तर ते हेच.

दैनंदिन हालचालींची नोंद ठरावीक क्रमाने ठेवावी. आंघोळ, कपडे घालणे, शौचाला जाणे, खाटेवरून उठून खुर्चीवर बसणे, लघवी-शौचावर ताबा आणि हाताने जेवणे या सहा गोष्टींपैकी कोणत्या स्वतः जमतात, कोणत्या आधाराने जमतात आणि कोणत्या जमतच नाहीत, हे लिहावे. याच्या जोडीला फोन लावणे, बाजारहाट, स्वयंपाक, पैशांचा हिशोब आणि औषधे वेळेवर घेणे ही थोडी अवघड कामे विचारावीत. विस्मृतीची सुरुवात बहुधा या दुसऱ्या यादीत आधी दिसते : भाजीवाल्याकडे सुटे पैसे मोजताना गोंधळणे, दूध गॅसवर ठेवून विसरणे, ठाऊक असलेल्या रस्त्यावर चुकणे.

मात्र 'वय झालं, विसरायचंच' हे घरच्यांचे वाक्य आपण कधीही मान्य करू नये. चार-आठ दिवसांत अचानक बिघडलेली शुद्ध हा विस्मृतीचा नव्हे तर एखाद्या आजाराचा इशारा असतो. लघवीचा जंतुसंसर्ग, शरीरातील पाणी कमी होणे किंवा नवीन औषध यांतून असे होते आणि त्यासाठी त्याच दिवशी डॉक्टर लागतात. सावकाश वाढणाऱ्या विसराळूपणामागेही थायरॉइड, बी-१२ ची कमतरता किंवा नैराश्य असू शकते, आणि ते उपचारांनी सुधारते. निदान करणे आपले काम नाही, पण वेळेवर डॉक्टरांकडे पाठवणे निश्चितच आपले काम आहे. मन खचलेल्या व्यक्तीसाठी, तसेच तिची काळजी घेणाऱ्यांसाठी, १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून फोनजवळ चिकटवावा.

औषधे बघायला मागावीत. ती बिस्किटाच्या डब्यात, देव्हाऱ्यामागे आणि उशीखाली अशी तीन ठिकाणी निघतात. रक्तदाबाची तीच गोळी दोन डॉक्टरांनी दोन नावांनी दिलेली आणि दोन्ही चालू, हे मी एकदा नव्हे अनेकदा पाहिले आहे. सगळी औषधे एका पिशवीत भरून प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टरांसमोर ओतावीत आणि कोणती ठेवायची ते त्यांनाच ठरवू द्यावे. वाचता येत नसेल तर पाकिटावर सकाळच्या गोळीसाठी सूर्य आणि रात्रीच्या गोळीसाठी चंद्र काढून द्यावा.

कागदांची पेटी

जवळजवळ प्रत्येक घरात कागदांची एक जागा असते : पत्र्याची ट्रंक, प्लास्टिकची पिशवी किंवा गादीखालची वही. ती उघडायला सांगण्याइतका विश्वास यायला दोन-तीन भेटी लागतात आणि तेवढ्या लागू द्याव्यात. पेटी उघडल्यावर मूळ कागद घेऊन जाऊ नयेत. तिथेच मोबाइलवर छायाचित्रे काढावीत, तीही परवानगी घेऊन, आणि कागद होते त्याच क्रमाने परत ठेवावेत. मूळ कागद न्यावाच लागला तर किती आणि कोणते कागद नेले, याची सही केलेली चिठ्ठी घरी ठेवून जावे.

अडचणी बहुतेक त्याच त्या असतात. आधार कार्डावर नावापुढे 'बाई' असते, बँकेच्या पासबुकात नसते. एकीकडे माहेरचे नाव, दुसरीकडे सासरचे. जन्मतारीख आधारवर १ जानेवारी आणि शाळेच्या दाखल्यावर वेगळी. योजनेचा अर्ज करण्याआधी या नावांचा मेळ घालावा, नाहीतर अर्ज मंजूर होऊनही पैसे खात्यात येत नाहीत आणि तो दोष शोधण्यात पुढे कितीतरी महिने जातात. बँक खाते आधारशी जोडलेले आणि चालू स्थितीत आहे का, हे शाखेत जाऊन तपासावे.

दुसरी अडचण अंगठ्याची. आयुष्यभर शेतात किंवा चुलीपाशी राबलेल्या हातांच्या रेषा झिजतात, आणि रेशन दुकानातील यंत्रावर अंगठा उमटत नाही. दुकानदार चार वेळा बोट दाबायला लावतो, मागे रांग उभी असते, आणि आजी रिकामी पिशवी घेऊन घरी येतात. ती रिकामी पिशवी पाहिली की हा तांत्रिक प्रश्न नाही, हे समजते. हात कोमट पाण्याने धुऊन कोरडे करावेत, दुसरी बोटे वापरून पाहावीत, नाहीच जमले तर बुबुळाची किंवा मोबाइलवर येणाऱ्या सांकेतिक क्रमांकाची पडताळणी मागावी, आणि आधार केंद्रात बोटांचे ठसे नव्याने घ्यावेत. निवृत्तिवेतनधारकांचा हयातीचा दाखला आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही देता येतो. चालता न येणाऱ्या माणसाला बँकेपर्यंत रिक्षाने नेण्याची गरज राहत नाही.

योजना

योजना सांगताना सगळ्या एकदम सांगू नयेत. त्या घराला लागू होणाऱ्या एक-दोन निवडाव्यात आणि त्या पूर्ण कराव्यात.

पासष्ट वर्षांवरील निराधार व्यक्तींसाठी श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना आहे आणि त्याहून कमी वयाच्या निराधारांसाठी संजय गांधी निराधार अनुदान योजना. दोन्हींत दरमहा १,५०० रुपये मिळतात आणि अर्ज तहसील कार्यालयाच्या संजय गांधी योजना शाखेत जातो. वार्षिक २१,००० रुपयांची उत्पन्नमर्यादा आजच्या महागाईत अतिशय तुटपुंजी आहे, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि त्यामुळे खरोखर गरजू असलेली अनेक माणसे बाहेर राहतात. तरीही उत्पन्नाचा खोटा दाखला काढून देण्याच्या मोहात कार्यकर्त्याने पडू नये, कारण पुढे चौकशी झाली तर तिची झळ आपल्याला नव्हे, त्या आजींना बसते.

सत्तर वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळू शकतात. ही सोय ऑक्टोबर २०२४ पासून सुरू झाली आणि ती निवृत्त, मध्यमवर्गीय घरांनाही लागू आहे, हे अनेकांना ठाऊक नसते. कार्ड आजारी पडण्याआधी काढावे आणि आपल्या भागातील कोणती रुग्णालये यादीत आहेत ते लिहून ठेवावे. चष्मा, श्रवणयंत्र, काठी, कमोडची खुर्ची अशा साधनांसाठी मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून पासष्ट वर्षांवरील व्यक्तींना एकदा ३,००० रुपये मिळतात, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असेल तर. एस.टी.चा प्रवास पंचाहत्तरीनंतर मोफत आहे आणि पासष्ट ते पंचाहत्तर या वयात अर्ध्या तिकिटात होतो. शेवटची ही सवलत किरकोळ वाटेल, पण लेकीच्या गावी जाता येणे ही म्हातारपणी मोठी गोष्ट असते.

घरातील माणसे

नव्या कार्यकर्त्याकडून होणारी सर्वांत मोठी चूक म्हणजे म्हाताऱ्या माणसाच्या बाजूने उभे राहताना घरातील सुनेला आरोपी ठरवणे. तीन वर्षे अंथरुणावर असलेल्या सासऱ्यांचे सगळे करणारी बाई एखाद्या दिवशी ओरडते, आणि तोच दिवस शेजाऱ्यांच्या लक्षात राहतो. तिला वेगळे बसवून 'तुम्ही शेवटचं पूर्ण रात्र कधी झोपलात?' असे विचारून पाहावे. अनेकदा ती उत्तर देण्याआधी रडते. तिच्यासाठी आठवड्यातून दोन तासांची मोकळीक जमवणे, अंथरुणावरच्या माणसाला दर दोन तासांनी कुशीवर कसे वळवावे हे आरोग्यसेविकेकडून शिकवून घेणे, आणि शहरात राहणाऱ्या दिराने पैशांचा किंवा सुट्टीतील देखभालीचा वाटा उचलावा यासाठी बैठक लावणे, हेही ज्येष्ठांसाठीचेच काम आहे. अशा बैठकीत आजी किंवा आजोबा हजर असलेच पाहिजेत. त्यांच्याबद्दल त्यांच्या पाठीमागे ठरलेली व्यवस्था फार दिवस टिकत नाही.

त्रास होत असेल तर

ज्येष्ठ माणसे 'अत्याचार' हा शब्द वापरत नाहीत. 'आमचं काय, चाललंय', 'घरातलं बाहेर कशाला', 'माझंच नशीब' अशा वाक्यांत तो दडलेला असतो. दंडावर बोटांच्या खुणा, आधीच्या भेटीपेक्षा उतरलेले वजन, पाठीवर जखमा, प्रत्येक प्रश्नाचे उत्तर दुसऱ्यानेच देणे, आणि पासबुक किंवा एटीएम कार्ड स्वतःच्या हाती नसणे, ही लक्षणे दिसली तर त्या व्यक्तीशी एकांतात बोलण्याची सोय करावी. दवाखान्यात तपासणीला नेणे हे त्यासाठी चांगले निमित्त असते. प्रश्न साधा असावा : 'घरात कोणाची भीती वाटते का?', 'तुमचे पैसे तुम्हाला मिळतात का?'

जीवाला धोका असेल तर ११२ वर लगेच कळवावे. तसे नसेल तर १४५६७ या ज्येष्ठांच्या राष्ट्रीय मदतवाहिनीचा सल्ला घ्यावा, आणि पुढे काय करायचे ते त्या व्यक्तीला ठरवू द्यावे. ज्याला स्वतःचे भले-बुरे समजते, त्याने 'मला तक्रार करायची नाही' असे म्हटले तर तो निर्णय आपल्याला कितीही खटकला तरी त्याचाच आहे. आपण भेटी चालू ठेवाव्यात, धोका वाढतो का हे पाहावे, आणि दार उघडे आहे हे पुन्हा पुन्हा सांगावे.

तक्रार करायची ठरली तर आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थ व कल्याणाचा २००७ चा कायदा उपयोगी पडतो. उपविभागीय अधिकाऱ्यांपुढे चालणाऱ्या निर्वाह न्यायाधिकरणात साध्या कागदावरही अर्ज करता येतो. स्वतः करणे शक्य नसेल तर त्यांनी अधिकार दिलेली व्यक्ती किंवा संस्था तो करू शकते. मुलगा, मुलगी आणि सज्ञान नातवंडे यांच्याकडून निर्वाहखर्च मागता येतो. सून व जावई यांचा मुलांच्या व्याख्येत समावेश नाही, हे आधीच समजावून सांगावे. अपत्य नसेल तर मालमत्ता ज्याच्या ताब्यात आहे किंवा वारशाने ज्याला मिळणार आहे, त्या नातेवाइकावर ही जबाबदारी येते. कायद्यात निर्वाहखर्चाची कमाल मर्यादा दरमहा १०,००० रुपये आहे आणि नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत निकाल अपेक्षित आहे. अर्जात भावनांपेक्षा आकडे लिहावेत : औषधांना किती, किराण्याला किती, भाड्याला किती, आणि मुलांचे उत्पन्न साधारण किती. आदेशानंतर पहिल्या दोन-तीन महिन्यांचे पैसे खात्यात आले का ते पासबुक भरून पाहावे. आदेश मिळाला म्हणून काम संपले असे समजणारे कार्यकर्तेच बहुधा फसतात.

मालमत्तेबाबत मी थोडे अधिक सांगेन, कारण भरून न येणारे नुकसान इथेच होते. महाराष्ट्रात राहते घर किंवा शेतजमीन मुलाला किंवा नातवाला बक्षीसपत्राने द्यायची तर मूळ मुद्रांक शुल्क अवघे २०० रुपये आहे. ही सवलत चांगल्या हेतूने दिलेली असली तरी त्यामुळेच 'आत्ताच नावावर करून टाका' असा घरातून येणारा आग्रह वाढतो. बक्षीसपत्र झाले की घर गेले. मृत्युपत्र मात्र मरेपर्यंत बदलता येते. हा फरक प्रत्येक ज्येष्ठाला सही करण्याआधी कळला पाहिजे. बक्षीसपत्र करायचेच असेल तर 'देणाऱ्याचा आजन्म सांभाळ करावा' ही अट त्यात शब्दांत लिहून घ्यावी, कारण वर सांगितलेल्या २००७ च्या कायद्याच्या २३व्या कलमाखाली असे बक्षीसपत्र रद्द करून मागताना त्या अटीवरच सगळे अवलंबून राहू शकते. मोफत वकिलासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा १५१०० वर संपर्क साधावा. कागदपत्र कोणते करावे हा सल्ला आपण स्वतः देऊ नये.

वृद्धाश्रम

हा पर्याय कोणी सुचवला आहे, हे आधी विचारावे. त्या व्यक्तीने स्वतः सुचवला असेल तर त्यात कमीपणा काहीच नाही, आणि आपणही तो मानू नये. दाखल करण्याआधी तिला घेऊन दोनदा जाऊन यावे, त्यातील एकदा संध्याकाळी. रात्री कोण असते, आजारी पडल्यास कोणत्या दवाखान्यात नेतात, अनामत रक्कम परत मिळते का, अंथरुणाला खिळल्यावर ठेवून घेतात का, या प्रश्नांची उत्तरे लेखी मागावीत. तिथे राहणाऱ्या एखाद्या आजींशी जेवणाबद्दल बोलावे. माहितीपत्रकातून जे कळत नाही ते त्यांच्याकडून कळते.

पाठपुरावा आणि प्रकरण बंद करणे

प्रत्येक भेटीची नोंद त्याच दिवशी, तीन भागांत लिहावी : त्यांनी काय सांगितले, मी काय पाहिले, आणि आम्ही काय ठरवले. पहिल्या भागात त्यांचेच शब्द असावेत. पुढे न्यायाधिकरणापुढे किंवा डॉक्टरांपुढे हीच नोंद कामी येते, आणि आपली बदली झाल्यास नव्या सहकाऱ्याला आजींना सगळे पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावावे लागत नाही.

पुढची भेट कधी, हे तोंडी सांगून निघू नये. भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर ती तारीख पेनाने गोल करून द्यावी. एकटी राहणारी माणसे त्या गोलाकडे रोज पाहतात, हे मला एका आजोबांच्या शेजारणीने सांगितले तेव्हा मी दोन भेटी चुकवल्या होत्या, आणि त्यांनी त्या दोन्ही दिवशी सकाळीच दाढी करून ठेवली होती. त्या दिवसापासून येणे जमणार नसेल तर मी आदल्या दिवशी फोन करते आणि नवी तारीख त्यांच्याच हाताने गोल करून घेते.

प्रकरण बंद करतानाही एक शेवटची भेट ठेवावी. तोपर्यंत काय झाले आणि काय झाले नाही हे मोकळेपणाने सांगावे, मागे दिलेल्या चिठ्ठीनुसार मूळ कागद मोजून परत करावेत, आणि पुढे अडचण आली तर कोणाला फोन करायचा ते नाव व क्रमांक त्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवून द्यावा.